एका भाषेत भांडलेले धर्म



सर्व धर्म शेवटी एकच सांगतात, असे म्हटले की सभेत टाळ्या पडतात. परंतु जे सारखेच आहेत त्यांनी एकमेकांपासून शिकावे तरी काय? धर्म निराळे आहेत, म्हणूनच ते एकमेकांपासून शिकू शकतात. मात्र त्यासाठी दोघांनाही कळेल अशी भाषा हवी आणि दोघांनाही बोलण्याची मुभा हवी. सोळाव्या-सतराव्या शतकांत ती भाषा मराठी झाली होती. त्या काळातील तीन माणसे आम्ही आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

पहिले पैठणचे एकनाथ. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर मुसलमानी राजवटीचे अधिकारी होते. १५९९ साली देह ठेवलेल्या नाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. नाव संवादाचे, आरंभ मात्र कडाक्याच्या भांडणाचा. तुर्क पुराणांतील देवांची उणी काढतो, मूर्तिपूजेला हसतो. हिंदू विचारतो, ईश्वर सर्वत्र आहे तर नमाजाला एकच दिशा कशाला? बळाने केलेल्या धर्मांतराचाही तो जाब मागतो. शेवटी दोघे एकमेकांस आलिंगन देतात.

त्या आलिंगनाची वाहवा पुष्कळ झाली. आमचे लक्ष भांडणाकडे जाते. तुर्काला पुराणे ठाऊक आहेत, हिंदूला नमाज ठाऊक आहे. कामगारांच्या मागण्या घेऊन मालकांसमोर बसताना आम्ही हेच शिकलो की, प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याइतक्याच नेटाने मांडता येत नसेल, तर वाटाघाट होत नाही, नुसता आरडाओरडा होतो. नाथांनी एकाच लेखणीने दोन्ही बाजू मांडल्या आणि आपल्या घरचे दोष तुर्काच्या तोंडून वदविले. हे धैर्य लहान नव्हे.

दुसरे श्रीगोंद्याचे शेख महंमद. मुसलमान कुळात जन्मलेला हा पुरुष वारकऱ्यांनी संत म्हणून मानला. ज्या चांद बोधल्यांना परंपरा जनार्दनस्वामींचे गुरू मानते, तेच ह्यांचेही गुरू, असे सांगतात. १६४५ साली पूर्ण झालेल्या ‘योगसंग्रामा’त त्यांनी देहातील विकारांशी चाललेली जीवाची लढाई रंगविली. सुफींची साधना आणि संतांची ओवी एकाच माणसाच्या ठायी नांदली. पोकळ कर्मकांडावर टीका करताना त्यांनी हिंदूंनाही सोडले नाही, मुसलमानांनाही नाही.

तिसरा फादर स्टीफन्स, जन्माने इंग्रज. १५७९ साली तो गोव्यात आला तो शिकविण्यासाठी. परंतु शिकविण्याआधी त्याला शिकावे लागले. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि भाषा मराठी. ख्रिस्ताची कथा सांगण्यास त्याने पुराणाचा साचा घेतला, आणि स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले. ज्यांचा धर्म खोटा म्हणावयाचा, त्यांच्याच शब्दांवाचून त्याला आपले सत्य सांगता येईना!

परंतु येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. नाथांच्या संवादात तुर्काला उत्तर देता येते. स्टीफन्सच्या गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय बसलेले होते आणि देवळे पाडली गेली होती. ग्रंथ मराठी, छंद मराठी. पण समोरच्याने तोंड उघडणे धोक्याचे. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. बोली काही मेली नाही. मात्र ज्या वाटेने स्टीफन्स लोकांपर्यंत गेला होता, तीच वाट बंद करण्याचा हा घाट होता. सत्तेला संभाषण नको होते. तिला होकार हवा होता.

म्हणून धर्मांच्या सलोख्याचे माप आम्ही व्यासपीठावरील आलिंगनांनी घेत नाही. आमच्या गावात, आमच्या आळीत, दोन साधे प्रश्न विचारावेत. शेजाऱ्याचा धर्म आम्हांला त्याला पटेल असा सांगता येतो काय? आणि आम्ही त्याच्यावर टीका केली, तर निर्भयपणे उत्तर देण्याची सोय त्याला आहे काय? पहिल्याचे उत्तर अभ्यासाने मिळेल. दुसऱ्याचे उत्तर ‘होय’ असावे, ह्यासाठी मात्र संख्येने व बळाने जो मोठा आहे, त्यानेच आधी पुढे झाले पाहिजे.