रोव्हर्स चषक १९३७: ज्या अंतिम सामन्यात एकही ब्रिटिश संघ नव्हता

१/ हिंजवडीहून मुळा ओलांडली की बालेवाडीचे क्रीडासंकुल लागते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ते उभे राहिले. पुढे पुणे एफसी आणि एफसी पुणे सिटी हे दोन्ही संघ तेथे खेळले. मात्र महाराष्ट्राच्या फुटबॉलमधील सर्वांत मानाचा अंतिम सामना शतकभर मुंबईत होत असे. तो सामना रोव्हर्स चषकाचा.

२/ ड्युरँड चषक १८८८ मध्ये सुरू झाला, रोव्हर्स १८९१ मध्ये आणि कलकत्त्याचे आयएफए शील्ड १८९३ मध्ये. पहिला रोव्हर्स चषक वूस्टरशायर रेजिमेंटने जिंकला. त्या काळी ही स्पर्धा म्हणजे प्रामुख्याने गोऱ्या पलटणींचा आपसातील खेळ होता.

३/ २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड पटकावले. ही कथा आपण सारेच जाणतो. मुंबईत मात्र असा दिवस उजाडायला आणखी २६ वर्षे जावी लागली.

४/ १९२३ मध्ये मोहन बागानला रोव्हर्सचे निमंत्रण मिळाले. संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचला, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्याला ४-१ असे नमवले. चषक पलटणीकडेच राहिला. तरीही भारतीय संघ अंतिम सामन्यापर्यंत मजल मारू शकतो, हे मुंबईकरांनी पाहिले होते.

५/ मग आले १९३७. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात एका बाजूला होता मोहमेडन स्पोर्टिंग. १९३४ पासून कलकत्ता लीग सलग जिंकणारा हा देशातील सर्वांत दबदब्याचा संघ. दुसऱ्या बाजूला बंगलोर मुस्लिम्स. निकाल: बंगलोर १, मोहमेडन ०. रोव्हर्स चषक प्रथमच भारतीय संघाच्या हाती आला.

६/ मग हा विजय १९११ इतका स्मरणात का राहिला नाही? माझ्या मते, कारण प्रतिस्पर्धी ब्रिटिश नव्हता. आपल्या स्मृतीला अनवाणी भारतीय विरुद्ध बूट घातलेला गोरा सैनिक हे चित्र प्रिय आहे. वास्तविक १९३७ चा अर्थ अधिक खोल होता. मैदानाच्या दोन्ही अर्धांत भारतीय संघ उभे होते. सत्ताधाऱ्यांच्या पलटणी अंतिम सामन्यापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या.

७/ ज्यांना गोऱ्या संघावरील विजयच हवा असेल, त्यांच्यासाठी १९३८ आहे. बंगलोर मुस्लिम्सने अर्गाइल अँड सदरलंड हायलँडर्स या पलटणीला अंतिम फेरीत हरवून चषक राखला. १९४० मध्ये मोहमेडनने बंगलोरलाच हरवून जुना हिशेब चुकता केला.

८/ क्लबांच्या नावांचाही विचार करावा लागतो. मुंबईच्या क्रिकेटमध्ये तेव्हा संघ धर्मानुसार पाडले जात आणि १९३७ मध्येच चौरंगी सामने पंचरंगी झाले. फुटबॉलही त्या हवेपासून अलिप्त नव्हता. म्हणून या विजयाला निव्वळ ‘राष्ट्रीय’ म्हणणे भाबडेपणाचे आणि निव्वळ ‘जमातीचा’ म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्या काळात ही दोन्ही अभिमानाची रूपे एकाच मैदानावर नांदत होती.

९/ स्वातंत्र्यानंतर हैदराबाद सिटी पोलीसने १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा चषक जिंकला. प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारत १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक विजेता ठरला. मुंबईच्या संघांपैकी कॅलटेक्सने १९५८ मध्ये, तर मफतलालने १९६५ मध्ये बाजी मारली.

१०/ पुढे कंपन्यांचे संघ एकेक करून बंद पडले. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि क्लबांचे वेळापत्रक तिच्याभोवती फिरू लागले. २०००-०१ चा रोव्हर्स चषक अखेरचा ठरला. तो मोहन बागानने जिंकला. त्याच्या नावावर सर्वाधिक, १४ विजेतेपदे आहेत.

११/ पुण्याचे दोन्ही व्यावसायिक संघही आता उरलेले नाहीत. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता होता, हे आज किती जणांना आठवते? संघ मिटला की त्याच्या आठवणी जपणारेही विखुरतात. रोव्हर्सचे नेमके हेच झाले.

१२/ तुमच्या घरी कुणी कूपरेजच्या गॅलरीत बसून रोव्हर्सचे सामने पाहिले असतील, तर त्यांना आजच विचारा. कोणते वर्ष, कोणते संघ, तिकीट केवढ्याचे? उत्तर लिहून ठेवा. तोही इतिहासाचा दस्तऐवजच आहे.