वेळेचे कुंपण

यंत्रापुढे कोणी किती वेळ बसावे, हा प्रश्न आज घरोघरी विचारला जातो. परंतु तो मोबाइलइतका अलीकडचा नाही. त्याचा इतिहास आपण पाहू लागलो, म्हणजे एक मोठी उलटापालट नजरेस येते.

१९६१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांदो कोरबातो यांनी एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल, अशी व्यवस्था उभी केली. यंत्र एक आणि मागणारे पुष्कळ. म्हणून सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी ठरावी, तशी प्रत्येकाची वेळ ठरवून देण्यात आली. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याच्या वाट्यास आठवड्याला ४ तास आले. ते पुरेनात, तेव्हा १९६२ साली त्याने सर्वांच्या संकेतशब्दांची यादीच यंत्राकडून छापून घेतली आणि दुसऱ्यांची वेळ वापरली. कुंपण घातले, तोच त्याला वाट पडली!

पुढे यंत्रे स्वस्त झाली. टंचाई यंत्राच्या वेळेची न राहता माणसाच्या वेळेची झाली, आणि सरकारांना कुंपण घालावेसे वाटू लागले. दक्षिण कोरियाने २०११ साली १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी ६ पर्यंत ऑनलाइन खेळांची बंदी केली. मुले वडीलधाऱ्यांच्या नावाने खेळू लागली. मोबाइलवरील खेळ तर बहुतेक बंदीबाहेरच राहिले. २०२२ च्या आरंभी ती बंदी उठली.

त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून आपल्या सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे निराळाच प्रयोग सुरू झाला. सायंकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजे आणि साडेआठपर्यंत घराघरांतील टीव्ही व मोबाइल बंद होत. करोनाच्या काळात अभ्यासासाठी मुलांच्या हाती दिलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेना, हे त्याचे कारण. सरपंच विजय मोहिते यांनी महिलांच्या सभेत हा विषय काढला, तेव्हा टीव्हीचा नाद आपल्यालाही आहे, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. म्हणून नियम एकट्या मुलांना न लावता साऱ्या गावाला लावला गेला.

आमच्या मते या इतिहासाचे सार येथेच आहे. संकेतशब्द चोरता येतो, वय खोटे सांगता येते. परंतु शेजारीपाजारी सर्वांनीच यंत्र खाली ठेवले, म्हणजे चोरण्यासारखे फारसे उरत नाही. धाडच्या ग्रामसभेपुढे हा विषय कधी आला, तर पहिला प्रश्न मुलांचा नसावा. सायंकाळी ७ वाजता आपण थोरांनी हातातले काय खाली ठेवायचे, हा असावा.