आधी छप्पर

आमच्या मोहल्ल्यात मशिदीच्या रंगरंगोटीला वर्गणी चटकन जमते. शेजारच्या विधवेचे छप्पर मात्र दर पावसाळ्यात गळते. म्हणून मला कुरानिलावेची गोष्ट जवळची वाटते.

दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशातले हे कोळसा खाणींचे गाव. खाणी बंद पडत होत्या, हातचे काम जात होते. १९९७ साली काही विद्यार्थी एका जेझुइट धर्मगुरूंसोबत तिथे चॅपेल बांधायला गेले. चॅपेल झाले, पण भोवतालच्या झोपड्या पाहून त्यांचा पाय निघेना. देवाला घर मिळाले, माणसांचे काय? मग त्यांनी ‘मेदियाग्वा’ उभारायला घेतल्या. मेदियाग्वा म्हणजे लाकडी फळ्यांची ३ मीटर रुंद, ६ मीटर लांब खोली. सन २००० पर्यंत अशा २००० खोल्या बांधायच्या, असा संकल्प झाला. त्यातूनच ‘तेचो’, म्हणजे छप्पर, ही संस्था लॅटिन अमेरिकेतल्या अनेक देशांत पोचली.

या खोलीत ना नळ, ना संडास. ते घर नव्हे, घराची सुरुवात. हे ओळखून संस्था पुढे पक्क्या घरांच्या कामाकडेही वळली.

पावसाळा जवळ आला आहे. यंदा वर्गणीची वही मी मागून घेतली आहे. पहिल्या पानावर लिहिले आहे : शेजारणीचे छप्पर.