पुरुषाचा संकोच व कर्करोगाची तपासणी

रोगाचें भय मनुष्यास वैद्याकडे नेतें अशी सामान्य समजूत आहे. दुखणें अंगावर आल्यानंतर ती खरीहि ठरते. परंतु अंगांत कोणतीहि पीडा नसतांना, केवळ पुढील संकट टळावें म्हणून जी तपासणी करून घ्यावयाची, तिच्या बाबतींत ही समजूत अपुरी पडते. कर्करोगाच्या आगाऊ तपासणीचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर पुरुष तपासणीस जातो कीं नाहीं हें त्याच्या एकट्याच्या मनावर अवलंबून नसून, त्याच्या भोंवतालचीं माणसें काय बोलतात व काय करतात यावर बरेंचसें अवलंबून असतें, असें आम्हांस दिसतें.

१९८५ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या मोठ्या आतड्यांत गांठ सांपडली. शस्त्रक्रिया झाली व ती गांठ कर्करोगाची असल्याचें जाहीर झालें. आतड्याचा रोग हा एरव्हीं चारचौघांत काढण्याचा विषय नव्हे. पण आतां त्याची चर्चा वर्तमानपत्रांतून होऊं लागली. या रोगाविषयीं विचारणा करणाऱ्यांची एकच गर्दी उसळली, तपासण्याहि वाढल्या. मात्र ही लाट थोड्याच काळांत ओसरली. थोराचें दुखणें लोकांस जागें करतें, पण जागें ठेवीत नाहीं, हाच या प्रसंगाचा बोध होय.

पुढें त्याच देशांतील दूरचित्रवाणीवरील प्रख्यात निवेदिका केटी कूरिक यांचे पति १९९८ सालीं, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षीं, याच रोगानें वारले. मार्च २००० मध्यें कूरिकबाईंनीं स्वतःच्या आतड्याची दुर्बिणीनें केलेली तपासणी लोकांसमोर मांडली. त्यानंतर वैद्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हां दर वैद्यामागें महिन्यास होणाऱ्या अशा तपासण्या सुमारें १५ वरून १८ वर गेल्याचें आढळलें, व ही वाढ कित्येक महिने टिकली. परंतु तपासून घेणाऱ्यांत स्त्रियांचें प्रमाण शेंकडा ४३ वरून ४७ वर गेलें, हें विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे. मृत्यु पुरुषाचा होता, पण तो सांगणारी स्त्री होती. म्हणून तो स्त्रियांनीं अधिक ऐकला, असेंच म्हणावें लागतें. मनुष्य आपल्यासारख्याचें ऐकतो.

इंग्लंडांत २००६ पासून मलपरीक्षेचें साहित्य टपालानें घरपोंच, तेंहि विनामूल्य, मिळूं लागलें. तरीहि स्त्रियांच्या मानानें पुरुषांचा प्रतिसाद कमीच राहिला. पैसा व अंतर या दोन्ही अडचणी दूर झाल्या तरी संकोच दूर होत नाहीं. याउलट, आतड्याच्या तपासणीच्या एका ब्रिटिश प्रयोगांत जेथें पतिपत्नींस एकदमच आमंत्रण गेलें, तेथें येणाऱ्यांचें प्रमाण अधिक भरलें. पुढें २०१८ सालीं नट व लेखक स्टीफन फ्राय आणि निवेदक बिल टर्नबुल या दोघांनीं आपणांस प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झाल्याचें उघडपणें सांगितलें, तेव्हां वैद्यांकडे जाणाऱ्या पुरुषांची संख्या एवढी वाढली कीं तेथील सरकारी आरोग्यसेवेच्या प्रमुखांनीं दोघांचे जाहीर आभार मानले.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. समाजाचा रेटा हें बळ आहे, तो विवेक नव्हे. वर्षास एकदां मलपरीक्षा केल्यानें आतड्याच्या कर्करोगाचे मृत्यु सुमारें एक तृतीयांशानें घटतात, हें अमेरिकेंतील मिनेसोटा येथील प्रयोगानें १९९३ सालीं दाखविलें. प्रोस्टेटसाठीं होणाऱ्या रक्तपरीक्षेची गोष्ट निराळी. तींत कधीं त्रास न देणारे, अतिमंद वाढणारे रोगहि सांपडतात, व त्यांच्या उपचारानें लघवीवरील ताबा व पुरुषत्व गमावण्याची पाळी येते. म्हणून अमेरिकेच्या तज्ज्ञमंडळानें २०१२ सालीं ही परीक्षा सरसकट करूं नये असें सांगितलें, व २०१८ सालीं ५५ ते ६९ वर्षांच्या पुरुषानें वैद्याशीं विचारविनिमय करून स्वतः ठरवावें असा सल्ला दिला. मित्रानें करून घेतली एवढेंच कारण पुरेसें नाहीं.

आपल्या देशांतील उदाहरणहि बोलकें आहे. केरळांत तिरुवनंतपुरम जिल्ह्यांत १९९६ पासून आरोग्यसेवकांनीं घरोघरीं जाऊन स्त्रीपुरुषांचीं तोंडें तपासलीं. शेंकडा ९१ जणांची निदान एकदां तरी तपासणी झाली. तंबाखू वा दारूचें व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यु शेंकडा ३४ नीं कमी झाल्याचें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु ज्या ५,१४५ जणांच्या तोंडांत संशयास्पद खूण आढळली, त्यांपैकीं ३,२१८ च पुढें वैद्याकडे गेले. सेवक उंबरठ्यापर्यंत आला, तोंवर सारें सुरळीत चाललें. उंबरठा ओलांडण्याचें काम ज्याचें त्याच्यावर पडलें, तेथें शंभरांतले सदतीस मागें राहिले.

या सदतिसांस ज्ञान नव्हतें असें म्हणतां येत नाहीं. त्यांस तर खूण दाखवून सांगितलें होतें. त्यांस बहुधा सोबत हवी होती. ही सोबत सरकार टपालानें पाठवूं शकत नाहीं. ती पत्नीनें, भावानें, कचेरींतल्या स्नेह्यानें द्यावयाची असते. तंबाखूची चंची ज्या घरांत उघडपणें फिरते, त्या घरांत तोंड तपासून घेण्याची गोष्टहि तितक्याच उघडपणें निघाली पाहिजे.