गोरखचिंचेचं वय कोण ठरवणार?

गोरखनाथांनी या झाडाखाली शिष्यांना उपदेश केला म्हणून ही गोरखचिंच, असं आपले जुने लोक सांगतात. झाड मूळचं मात्र आफ्रिकेचं. अरब व्यापाऱ्यांनी इकडं आणलं असं मानतात. जाडजूड खोडात पाणी साठवतं, फुलं रात्री उमलतात. आंबट गर तापात, जुलाबात देत आलेत.

मित्रांनो, २०२१ च्या कायदादुरुस्तीनं शहरी हद्दीतलं ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' ठरतं. तोडलं तर वयाइतकी रोपं लावायची. पण गोरखचिंच आतून पोकळ होते, वलयं नीट मोजता येत नाहीत. मग कागदावर कुणी 'अंदाजे ६०' लिहिलं, की ३०० वर्षांचं झाडही ६० रोपांत सुटलं! तोडीची नोटीस लागली की मी पहिला प्रश्न हाच विचारणार: वय कसं मोजलं? तुम्हीही विचारा.