पाणी कमी पडलं तर कोणाचं शेत कोरडं ठेवायचं?

परवा ग्रामसभेत पांझरेतल्या मोटारींवरून दीड-दोन तास भांडण झालं. कोणाची पाइपलाइन किती इंची, रात्री मोटार कोण चालू ठेवतं, खालच्यांनी काय करायचं... निकाल काहीच नाही. घरी येताना एकच गोष्ट डोक्यात होती. याच नदीवर, याच प्रश्नाचं उत्तर आपल्या पूर्वजांनी कधीच शोधलेलं होतं. पोस्ट लांब आहे, पण साक्री-धुळ्याकडच्या मंडळींनी तरी पूर्ण वाचा.

पांझरा साक्री तालुक्यात सह्याद्रीत उगम पावते, धुळे शहरातून वाहते आणि मुडावदला तापीला मिळते. तिच्यावर, तसंच तिकडे बागलाणात मोसम आणि आरम नदीवर, ठिकठिकाणी जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्याने पाणी अडायचं, पाटात शिरायचं आणि उताराने शेतात जायचं. ना इंजिन, ना वीज. हीच आपली फड पद्धत. तिचं वय कोणी तीनशे वर्षं सांगतं, कोणी चारशे.

पण खरी अक्कल बंधाऱ्यात नव्हती, जमिनीच्या मांडणीत होती. पाटाखालची सगळी जमीन तीन-चार मोठ्या तुकड्यांत वाटलेली असायची. एकेक तुकडा म्हणजे एक फड. एका फडात एकच पीक. या वर्षी एकात ऊस, तर दुसऱ्यात गहू-हरभऱ्यासारखी हंगामी पिकं, आणि पुढे पाळीपाळीने बदल. बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असायची.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. नदीला पाणी कमी असलं की पंच बसायचे आणि एखादा फड त्या हंगामापुरता बंद ठेवायचे. बंद फडात सरपंचाच्या घरचाही तुकडा असायचा आणि दोन बिघेवाल्याचाही. तोटा सगळ्यांना, आणि ज्याच्या त्याच्या जमिनीच्या प्रमाणात. फडात पीक एकच, त्यामुळे पाण्याची गरजही सारखीच. शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी चोरून करणार काय?

माझे आबा पाटकरी होते. पाटाचं दार उघडायचं आणि ओळीने एकेका शेताला पाणी द्यायचं, हे पाटकऱ्याचं काम. शेतकऱ्याने स्वतः बारे फोडायचं नाही, हा नियम. देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या. यांचा मोबदला धान्यात मिळायचा. कोणी घाई केली की आबा म्हणायचे, ‘‘पानी गावनं शे, तुनं-मनं नही.’’ पाट साफ करायला घरटी माणूस जायचा.

मग हे मोडलं का? एका कारणाने नाही. इंग्रजांनी १८७९ चा पाटबंधारे कायदा आणला आणि कालव्याच्या पाण्यावर सरकारचा हक्क पक्का झाला. तरी फड टिकले. स्वातंत्र्यानंतर वरच्या अंगाला लाटीपाडा, मालनगाव, जामखेली अशी धरणं झाली आणि नदीचं वाहणं धरणाच्या वेळापत्रकावर आलं. गावोगाव वीज आली, विहिरी झाल्या, मोटारी बसल्या. ज्याची विहीर त्याचं पाणी, मग पीकही ज्याच्या त्याच्या मर्जीचं. एकाने फडात गव्हाशेजारी ऊस लावला की पाळीचं गणित तिथेच संपलं. वाटण्या होऊन तुकडे लहान झाले, ते वेगळंच.

आता उगाच जुन्याचे गोडवे गाणार नाही. फडात पाण्याचा हक्क जमिनीवर होता. ज्याला जमीन नाही त्याला पाणी नाही. रात्र रात्र पाट राखणाऱ्या जागल्याला धान्य मिळालं, पाण्याचा वाटा नाही. पंचांत बाईमाणूस कधी दिसली नाही. हे सगळं परत आणा, असं कोणी म्हणत असेल तर माझा पाठिंबा नाही.

पण एक गोष्ट सोडू नका. २००५ साली राज्यात शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला. पाणी वापर संस्था करा, पाणी मोजून घ्या, आपसात वाटा. चांगलंच आहे. मात्र त्यात पाणी मोजलं की पीक कोणतं घ्यायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. आपल्या फडात उलट होतं. आधी नदीत पाणी किती ते बघायचं, मग पीक ठरवायचं, आणि तेही सगळ्यांनी मिळून.

आपण पाण्यावर भांडतो, पण पिकाबद्दल बोलायला कोणी तयार नाही. ग्रामसभेत परवा सगळ्यांनी मोटारींचे एचपी मोजले. यंदा नदीकाठी किती एकर ऊस लावायचा, हे मात्र एकानेही विचारलं नाही. मीही नाही विचारलं, कारण आमच्याकडेही सव्वा एकर ऊस उभा आहे.

पुढच्या ग्रामसभेत विचारणार आहे. सुरुवात स्वतःच्या सव्वा एकरापासून करावी लागेल, हेही कळतंय.

तुमच्या गावात फड होते का? घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर आज बसून विचारा, आणि ते काय सांगतात ते इथे लिहा.