दिव्यांग आणि सरकारी नोकरी : एक लांबलेला हिशेब

आमच्या अल्लीपूरची माणसं कामानिमित्त वर्ध्याला जातात. त्या वर्ध्याजवळच दत्तापूर आहे. 1936 साली मनोहरजी दिवाण यांनी तिथे कुष्ठरोग्यांसाठी आश्रम सुरू केला. महारोग झाला की माणसाला घराबाहेर, मग गावाबाहेर काढायचं, हा तेव्हाचा रिवाज. पुढे 1951 मध्ये वर्ध्यातच गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झालं. गावोगाव पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार ही त्यांची पद्धत. रोग बरा होऊ लागला, पण वाकलेली बोटं सरळ होत नाहीत आणि नोकरी देणाऱ्याची नजर आधी बोटांवरच जाते. अशा माणसाला सरकारी नोकरीत जागा कधी मिळाली? उत्तर ऐकून वाईट वाटेल.

1977 साली केंद्र सरकारने क आणि ड गटातल्या पदांवर अपंगांसाठी 3 टक्के जागा ठेवल्या. अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग, प्रत्येकी 1 टक्का. हा नुसता शासकीय आदेश होता, कायदा नव्हे. शिवाय कारकून आणि शिपाई इथवरच. अंध माणूस अधिकारी होऊ शकतो, हे कोणाच्या मनातही नसावं.

खरं तर आपल्या इतिहासात ही गोष्ट नवी नाही. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम (रजि.) अंध होते. ते मशिदीत अजान देत. पैगंबर (स.) मोहिमेवर जाताना मदीनेचा कारभार त्यांच्याकडे सोपवत, असं सीरतच्या ग्रंथांत आहे. उमय्या खलिफा वलीद (705 ते 715) याने अंधांना वाटाड्या आणि पंगूंना सेवक नेमून दिले, ही नोंद इतिहासकार तबरीची. आज परीक्षेत मिळणारा लेखनिक हा त्या वाटाड्याचाच भाऊबंद म्हणायचा. ही उदाहरणं आपण बयानात अभिमानाने ऐकतो. आपल्या संस्थांच्या नोकरभरतीत ती कितीदा आठवतात, हे ज्याने त्याने पाहावं.

कायदा आला 1995 साली आणि 7 फेब्रुवारी 1996 पासून लागू झाला. आता चारही गटांत 3 टक्के. मात्र त्यात एक मेख होती. कोणत्या पदावर दिव्यांग काम करू शकेल ती पदं आधी 'सुनिश्चित' करायची होती. सरकारी खात्यांनी वरच्या गटांत टक्का मोजला तो फक्त त्या सुनिश्चित पदांवर. शंभर जागा रिकाम्या आहेत आणि त्यांतल्या दहाच सुनिश्चित आहेत असं समजा. शंभराचे 3 टक्के म्हणजे तीन माणसं. दहाचे 3 टक्के काढले तर एकही नाही. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संघटनेने हा हिशेब कोर्टात नेला. 8 ऑक्टोबर 2013 रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की टक्का एकूण रिक्त जागांवर मोजा. कायदा लागू होऊन तेव्हा सतरा वर्षं उलटली होती. तेवढ्या काळात वयोमर्यादा ओलांडलेल्यांची गिनती कोण करणार?

निवड झाल्यावरही दार बंद होतं, याचा दाखला महाराष्ट्रातलाच आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत त्या शिकल्या. ॲना मिलार्ड या मिशनरी बाईंनी 1900 साली काढलेली ही शाळा. यूपीएससीच्या 2015 च्या परीक्षेत त्यांचा क्रमांक 773 होता. रेल्वेची लेखा सेवा मिळाली, पण पूर्ण अंधत्वाचं कारण देऊन रेल्वेने नकार दिला. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली आणि 124 वा क्रमांक मिळवला. ऑक्टोबर 2019 मध्ये त्या तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. जिल्हा चालवायला चालतात, रेल्वेचे हिशेब तपासायला चालत नाहीत, हा काय न्याय?

आता दत्तापूरकडे परत येऊ. 1995 च्या कायद्याने अपंगत्वाच्या व्याख्येत 'कुष्ठरोगमुक्त' हा प्रकार घातला होता. पण नोकरीतल्या वाट्याचे तीन गट ठरले ते अंध व अल्पदृष्टी, कर्णबधिर, आणि चलनवलनाचं अपंगत्व किंवा मेंदूचा पक्षाघात. व्याख्येत नाव होतं, वाट्यात नव्हतं. ते 2016 च्या नव्या कायद्याने घातलं. हा कायदा 19 एप्रिल 2017 ला लागू झाला, वाटा 4 टक्के झाला आणि प्रकार 21. दिवाणांनी काम सुरू केलं तेव्हापासून मोजलं तर एक्क्याऐंशी वर्षं. जोडीदाराचा कुष्ठरोग हे तलाकचं कारण तर त्यानंतरही कायद्यात होतं, 1939 च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात आणि हिंदू विवाह कायद्यातही. ते 2019 साली काढलं गेलं.

केंद्राच्या बिंदूनामावलीत आता शंभर पदांचे पंचवीस-पंचवीसचे चार भाग पाडतात आणि पहिला, सव्वीसावा, एक्कावन्नावा व शहात्तरावा हे बिंदू दिव्यांगांचे असतात. जाहिरात आली की पदसंख्येसोबत हेही तपासायला मी मुलांना सांगतो. किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ते दहावीच्या आधीच काढून ठेवा, कारण परीक्षेत लेखनिक मागतानाही तेच विचारतात.